गावपळण होते, मग गाडीपळण का नको?

गणपती झाले, चाकरमानी परत गेले, पावसानेही जरा उघडीप दिली. म्हणून गेल्या रविवारी सकाळी सहाला सायकल बाहेर काढली. कुंभारमाठची चढण चढताना छातीचा भाता झाला. चौक्याला टपरीवर थांबलो तर एक ओळखीचे काका म्हणाले, "काय ओ पत्रकारानू, पेट्रोल संपला काय?"

टपरीवरचे सगळे हसले, मीही हसलो. आपल्याकडे चाळिशीतला माणूस सायकलवर दिसला की एकतर त्याची गाडी बिघडलेली असते, नाहीतर डॉक्टरने सांगितलेलं असतं. तिसरं कारण असू शकतं हे आपण विसरलोय.

चौक्यावरून धामापूरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंनी झाडी, मध्ये एक गाडी जेमतेम दुसऱ्या गाडीला वाट देईल एवढा रस्ता. धामापूरचा तलाव १५३० सालचा, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्यापेक्षाही सव्वाशे वर्षांहून जुना. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. भगवती देवळाच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसलो. पाणी, धुकं आणि भारद्वाजाचा आवाज. बस्स.

साडेसातनंतर चित्र बदललं. पहिला डंपर आला, त्याच्या मागे हॉर्नवर हात ठेवूनच निघालेल्या पर्यटकांच्या दोन गाड्या. मी सायकल घेऊन सरळ गटारात. गुडघ्यापर्यंत लाल चिखल.

घरी आलो तर आठवीतली मुलगी म्हणाली, "पप्पा, पुढच्या रविवारी मी पण येऊ?"

मी म्हटलं, "नको."

ही पोस्ट त्या 'नको'मुळे लिहितोय. कारण मी तिच्या वयाचा होतो तेव्हा रोज पाच किलोमीटर सायकल मारत हायस्कूलला जायचो. स्वतःची नव्हती तेव्हा तासाला रुपया देऊन भाड्याची घ्यायचो. माझ्या आईने कधी 'नको' म्हटलं नाही. ती धीट होती आणि मी भित्रा आहे असं नाही. रस्ता बदललाय. वीस वर्षं या भागात बातमीदारी करताना अपघाताच्या बातम्यांत 'दुचाकीस्वार' हा शब्द इतक्यांदा लिहिला की मोजदाद नाही. 'सायकलस्वार' फारसा लिहावा लागला नाही. रस्ते सुरक्षित झाले म्हणून नव्हे, रस्त्यावर सायकलस्वारच उरले नाहीत म्हणून.

आता जरा आपल्याकडे काय आहे ते बघूया. जिल्ह्याला १२१ किलोमीटरचा किनारा. मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे दोन्ही आत, कणकवली-कुडाळच्या बाजूने गेले. त्यामुळे किनाऱ्यावरचे रस्ते लहानच राहिले. विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, परुळे, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. एक खाडी ओलांडायची, एक घाटी चढायची, सड्यावर यायचं, समोर समुद्र, परत उतार. वाकडी वाट करायची तयारी असेल तर कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती कोकणातल्या इतर कातळशिल्पांबरोबर युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आपण ज्याला 'मागास राहिलो' म्हणत आलो, तेच बघायला दर थंडीत पुण्या-मुंबईचे सायकलवाले गोव्याला जाताना महामार्ग सोडून किनाऱ्याने येतात. पाठीमागे पिशव्या बांधलेल्या, हेल्मेट घातलेल्या त्या माणसांना आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

१९९७ मध्ये आपला जिल्हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून पर्यटन म्हणजे काय, तर रस्ता रुंद करा, पार्किंग करा, आणखी गाड्या आणा. आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं काम पुढे सरकतंय. अंतुले साहेबांच्या काळापासून ऐकत आलोय. मी त्याच्या विरोधात नाही. खाडीवर पूल नाही म्हणून बाळंतिणीला वळसा घालून न्यायची वेळ ज्या घरावर आली, त्या घराला 'शांत रस्त्याचं सौंदर्य' सांगायला मी जाणार नाही. पण मोठा रस्ता होतोय म्हणून प्रत्येक लहान रस्ताही मोठा झालाच पाहिजे, हे कोणी ठरवलं? आणि आहे तो लहान रस्ता थोडा वेळ तरी माणसांसाठी मोकळा का ठेवता येऊ नये?

इथे मला आचऱ्याची गावपळण आठवते. बाहेरच्यांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खा गाव, गुरं-कोंबड्यांसकट, तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतो. घरं बंद, बाजार बंद. कारणं जो तो आपापली सांगतो. पण जे घडतं ते सगळ्यांना दिसतं. गाव तीन दिवस शांत होतो आणि कोणाचं काही अडत नाही. आजारी माणसाची सोय होते, जेवणं होतात, वेशीबाहेर भजनं रंगतात.

जो मुलूख ७२ तास अख्खा गाव थांबवू शकतो, त्याला तीन तास गाड्या थांबवणं जड का जावं?

माझी मागणी एवढीच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्याचा पहिला रविवार, सकाळी ६ ते ९, चौके ते नेरूरपार या रस्त्यावर डंपर आणि पर्यटकांच्या गाड्या बंद. चार सकाळी मिळून सगळे बारा तास.

हाच रस्ता का? कारण त्याला पर्याय आहे. कुडाळकडून मालवणला येणाऱ्या गाड्यांना त्या वेळेपुरतं कसाल-कट्टामार्गे येता येतं. तारकर्ली-देवबागला हे करा असं मी म्हणणार नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली, मध्ये एकच रस्ता. तिथे अडवणूक झाली तर लोकांचे हाल होतील.

बंदी कोणाला नाही? एसटीला नाही, रुग्णवाहिकेला नाही, रस्त्याकाठच्या गावकऱ्यांना नाही. दूधवाला, मासेवाली, रिक्षा, लग्नाचं वऱ्हाड, सगळे जातील, फक्त सावकाश. आणि यासाठी नवीन कायदा लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली वाहतुकीवर निर्बंध घालता येतात. घाटात दरड आली की असे आदेश निघतातच. दरड कोसळल्यावर जे जमतं, ते न कोसळताही जमायला हरकत नाही.

"पत्रकारानू, ह्यां सगळा परदेशात चलता," असं कोणीतरी म्हणणारच. परदेशातलं सांगतो. कोलंबियात बोगोटा शहर आहे, श्रीमंत देशातलं नव्हे. तिथे १९७४ मध्ये सुरुवात झाली आणि आज दर रविवारी सकाळी ७ ते दुपारी २ शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते सायकलींना आणि चालणाऱ्यांना मोकळे असतात. पण एवढं लांब जायची गरज नाही. आपलं माथेरान बघा. कितीही मोठी गाडी असो, दस्तुरी नाक्यावर ठेवावी लागते. म्हणून माथेरानला जायचं लोकांनी बंद केलं का? गाडी नाही म्हणून तर जातात.

दुसरा आक्षेप धंद्याचा. तो मला जास्त मोलाचा वाटतो, कारण सीझनवर घरं चालतात. पण विचार करा. गाडीवाला गोव्याहून निघतो, मालवणात बोटिंग करतो, मासे खातो, परत जातो. धामापूर, काळसे त्याला खिडकीतून दिसतात. सायकलवाल्याला दर दहा किलोमीटरला पाणी लागतं, चहा लागतो, घावणे-चटणी लागते, पंक्चरवाला लागतो, दुपारी टेकायला पडवी लागते. त्याचा पैसा गावात पडतो. बचतगटाच्या ताईंनी त्या सकाळी रस्त्याकडेला एक टेबल मांडून बघावं. चार रविवारांत कळेल. नाही जमलं तर बंद करू. एक रुपयाचं बांधकाम नाही, त्यामुळे पाडायचंही काही नाही.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा आहेत. चौके, धामापूर, काळसे इथल्या मंडळींनी हा विषय घ्यावा अशी हात जोडून विनंती. ठराव झाला तर जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत पाठपुरावा करायला मी आहे. बातमी म्हणून नाही, एका आठवीतल्या मुलीचा बाप म्हणून.

तिला मी अजून 'हो' म्हटलेलं नाही. नोव्हेंबरपर्यंत थांब म्हटलंय.