शिकायचं कुणाच्या शरीरावर?

'मग डॉक्टर शिकणार कसे?' प्रसूतिकक्षातल्या वागणुकीबद्दल आपण बोललो, की हा प्रश्न हमखास तोंडावर फेकला जातो. मी समाजकार्याची एम.ए. सरकारी दवाखान्यांत बायकांसोबत काम करते. माझा उलट प्रश्न आहे : शिकायचं ते नेहमी गरीब बाईच्याच शरीरावर का?

कळा सोसणाऱ्या बाईला एकामागून एक चौघांनी आतून तपासायचं. तिला न विचारता, पडदा न ओढता. ती ओरडली तर वर तिलाच घालूनपाडून बोलायचं. गर्भाशयाचं तोंड किती उघडलं हे विद्यार्थी शिकतो, तसंच बाईला विचारावं लागत नाही, हेही शिकतो.

शास्त्राची सबब चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशी सांगतात : सुरळीत बाळंतपणात आतली तपासणी दर चार तासांनी करा, एकीलाच अनेकांनी तपासणं टाळा, सरसकट छेद घेऊ नका, पोट दाबू नका, तिच्या पसंतीचं माणूस सोबत राहू द्या. आपल्या एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात संमती आणि संवादही आहेत. पण विद्यार्थी शिकतो ते वरिष्ठांचं बघून!

म्हणून आपली मागणी : आधी पुतळ्यावर सराव, मग बाईची परवानगी. ती 'नाही' म्हणाली तरी उपचारात कसूर नको. आणि परीक्षेत वागणुकीलाही गुण. मैत्रिणींनो, आपापल्या भागातल्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे हे लेखी मागूया. या शिक्षणाची किंमत बायका मोजतात. ते कसं द्यायचं हे ठरवतानाही बायका हव्यातच.