जुना फोन, नवा राउटर

घरात नवा वाय-फाय राउटर आला की एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलीचा नवा फोन लगेच जोडला जातो. आजोबांचा जुना फोन, नाहीतर धाकट्याच्या अभ्यासासाठी घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप मात्र जोडला जात नाही. कोणीतरी म्हणते, "टाकून द्या, नवा घ्या." आमचे सांगणे असे, की कष्टाचे पैसे खर्चण्याआधी वाचकांनी थोडे समजून घ्यावे.

वाय-फायच्या पिढ्या आहेत. १९९९ साली 'बी' आली, वेग सेकंदाला फार तर ११ मेगाबिट. २००३ साली 'जी' आली, तिचा ५४. पुढे २००९ साली 'एन', २०१३ साली 'एसी' आणि २०२१ साली 'एएक्स', म्हणजे वाय-फाय ६. नव्या राउटरला सहसा जुन्यांची भाषा येते. पण ती सोय सेटिंगमध्ये चालू असावी लागते.

मग सगळेच चालू का ठेवू नये? कारण एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. चाळीच्या नळावर कोणी चिंचोळ्या तोंडाची कळशी लावली, तर मागची रांग खोळंबते. तेवढाच मजकूर पाठवायला 'बी'ला 'जी'पेक्षा जवळजवळ पाचपट वेळ लागतो. शिवाय 'बी' चालू असेल तर राउटर आपली हाकही सहसा त्याच संथ वेगाने देतो, सेकंदाला सुमारे दहा वेळा.

म्हणून 'बी'चे यंत्र घरात नसेल, तर ती सोय बंद करावी. २.४ गिगाहर्ट्झवर 'जी' आणि 'एन' राहू द्यावे. जुने फोन व प्रिंटर तिथेच चालतात. नवे फोन, टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत.

कुलपाच्या बाबतीत मात्र माघार नको. 'डब्ल्यूईपी' हे जुने कुलूप २००१ सालीच फोडता येते असे सिद्ध झाले. जुन्या यंत्रासाठी ते लावले तर सगळ्या घराचे दार उघडे राहते. निव्वळ 'डब्ल्यूपीए-३' ठेवले तर जुनी यंत्रे बाहेर राहतात. म्हणून 'डब्ल्यूपीए-२' व '३' मिश्र ठेवावे. एवढेही ज्या यंत्राला जमत नाही, त्याला वाय-फायपासून दूरच ठेवावे.

बाकीच्यांना जागा द्यावी. लेकराचा अभ्यास ज्या लॅपटॉपवर चालतो, तो भंगारात घालण्याआधी राउटरचे सेटिंग एकदा उघडून पाहावे.