ई-बुक प्री-ऑर्डर करायचं की थांबायचं?

छापील पुस्तकाची आवृत्ती संपू शकते, म्हणून आगाऊ नोंदणी समजू शकतो. पण ई-बुकचा स्टॉक संपतच नाही, मग घाई कशाला? किंडलवर प्री-ऑर्डरचे पैसे साधारणपणे पुस्तक आल्यावरच कापले जातात, त्याआधी ऑर्डर रद्दही करता येते. म्हणजे धोका कमी. पण सॅम्पल न वाचताच पुस्तक घेतलं जातं. शिवाय आपल्याला मालकी नाही, फक्त वाचायचा परवाना मिळतो. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-बुकचं दुकान बंद केलं, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तकं गेली!

म्हणून मी प्री-ऑर्डर फक्त लेखक खात्रीचा आणि सुरुवातीची किंमत कमी असेल तरच करतो. नाहीतर पुस्तक विशलिस्टमध्ये टाकतो, आलं की सॅम्पल वाचतो आणि मगच पैसे भरतो. तुम्हीही तसंच करा.