बिनतारी इंटरनेटचे यंत्र घरात कोठे ठेवावे?

तार न ओढता मनोऱ्यावरून थेट घरात इंटरनेट आणण्याची सोय आता पुष्कळांच्या परिचयाची झाली आहे. आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘फाइव्ह-जी’ सेवेचा प्रारंभ झाला, आणि २०२३ साली एअरटेल व जिओ ह्या कंपन्यांनी त्यावर अशी घरगुती जोडणी देण्यास आरंभ केला. कोठे कारागीर येऊन गच्चीवर यंत्र बसवितो, तर कोठे ग्राहकाने ते स्वतःच घरात मांडावयाचे असते. ह्या दुसऱ्या रीतीत कारागिराचा खर्च वाचतो खरा. परंतु त्याची पारख काही यंत्राबरोबर येत नाही.

पहिली अडचण भिंतीची. लहर जितकी आखूड, तितका तिला अडथळा अधिक. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब असते, ३५०० ची साडेआठ, तर २६ गिगाहर्ट्झची अवघी साडेअकरा मिलिमीटर. ही शेवटची तर झाडाच्या पालवीनेही अडते. जाड दगडी भिंत, सळयांचे काँक्रीट, पत्रा, धातूचा लेप दिलेली काच, ही सारी लहरींची वाट रोखतात. दहा डेसिबलची घट झाली की शक्तीचा दहावा हिस्सा उरतो. वीसची झाली की शंभरावा.

दुसरी अडचण जागेची. मनोऱ्याच्या लहरींसाठी यंत्र खिडकीशी हवे, घरभर वाय-फाय पसरण्यासाठी ते मध्यभागी हवे, आणि विजेचा प्लग बहुधा तिसरीकडेच असतो!

ह्यावर उपाय असा: प्रथम मनोऱ्याच्या दिशेची खिडकी शोधावी. लोखंडी कपाट व फ्रिज ह्यांपासून यंत्र दूर ठेवावे. कंपनीच्या ॲपमध्ये शक्तीचा आकडा दिसत असल्यास तो पाहत यंत्र हातभर सरकवावे. उणे ८० उत्तम, उणे ११० क्षीण. सकाळी व रात्री, दोन्ही वेळा वेग तपासावा. इतके करूनही आकडा सुधारला नाही, तर बाहेर बसविण्याचे यंत्र मागावे.

ह्यात शेजाऱ्याचेही हित आहे. क्षीण लहरींवर चालणारे यंत्र तेवढ्याच मजकुरासाठी मनोऱ्याचा अधिक वेळ घेते आणि तो वेळ सर्वांच्या वाट्यातून जातो. कोपऱ्यात कसेतरी ठेवलेले एक यंत्र शेजारच्या मुलाचा अभ्यासाचा पाठही अडवू शकते. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच विचारावे: आमच्या घरात लहरी न पोहोचल्यास यंत्र परत घ्याल काय?