रोज रात्री लावायचं, त्यात काय!

उपदेश ही जगातली एकमेव वस्तू अशी आहे, की जिला चार्जिंग लागत नाही. ती कुठेही, केव्हाही आणि कितीही वेळ चालते. पावसात भिजत नाही, घाटात बंद पडत नाही आणि देणाऱ्याला तर फुकटच पडते. अशाच एका उपदेशाविरुद्ध मी आज लेखणी उचलली आहे. तो उपदेश असा : "रोज रात्री झोपताना चार्जिंगला लावायचं, त्यात काय!"

विषय हेल्मेटचा आहे. आता तुम्ही म्हणाल, हेल्मेटला कसलं आलंय चार्जिंग? डोकं चाललं नाही तरी हेल्मेट चालतं, अशीच आमच्या पिढीची समजूत. पण मंडळी, हेल्मेट आता बोलू लागलं आहे. आत कानांशी दोन चपटे स्पीकर, ओठांपुढे माइक आणि बाहेर डाव्या गालावर काडेपेटीपेक्षा जरा मोठा एक संच. याला इंटरकॉम म्हणतात. इंटरकॉम बँकेतही असतो; पण त्यावर साहेबांनी बोलायचं आणि आम्ही ऐकायचं. हेल्मेटच्या इंटरकॉमवर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. चालवणारा, मागे बसलेली व्यक्ती आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या गाडीवरचा सोबती, सगळे एकमेकांशी बोलू शकतात. संचांचं बोलणं आपसांत थेट होतं, त्यामुळे मोबाईलची रेंज गेली तरी गप्पा जात नाहीत.

मी राहतो रत्नागिरीच्या मांडवीत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. समुद्रात मोटारसायकल चालत नाही, म्हणून घाट. कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि मग आंबा घाट. धाकट्या भावाने एका दिवाळीला आम्हां उभयतांना असे दोन संच आणून दिले, आणि अठरा वर्षांच्या संसारात मी नि आमची ही पहिल्यांदाच सलग अडीच तास बोललो. घरी एवढं बोलणं होत नाही. घरी मी उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकतो.

पण थट्टा बाजूला ठेवतो. गेल्या पावसाळ्यात, जुलैमध्ये, घाट चढत होतो. धुकं असं, की स्वतःच्या गाडीचा दिवा आपल्यालाच परत दिसावा. मेव्हणा पुढच्या गाडीवर. वळणापलीकडून कानात त्याचा आवाज आला, "भावजी, डावीकडे ट्रक उभाय. लाइट नाहीत. हळू या." मी हळू आलो. ट्रक खरोखरच होता, आणि तो मला दिसला तेव्हा आमच्यात जेमतेम एका गाडीचं अंतर होतं. साहेबांच्या इंटरकॉमवरून अठरा वर्षांत इतकी उपयुक्त सूचना मला कधी आलेली नाही. त्यानंतर दहाव्या मिनिटाला कानात एका बाईने इंग्रजीतून, विमानातल्या थंडपणाने सांगितलं, की बॅटरी लो. म्हणजे त्या वाक्यात आणि त्या शांततेत दहा मिनिटांचं अंतर होतं. त्या दिवसापासून हे चार्जिंग मला हौसेचं वाटत नाही. ते ब्रेकच्या रांगेत जाऊन बसलं आहे.

म्हणूनच 'त्यात काय' ऐकलं, की माझं डोकं हेल्मेटमधल्या हेल्मेटमध्ये तापतं. विकणारा दुकानदार हेच म्हणतो, माहितीपुस्तिका हेच म्हणते आणि कधी सायकलवरही न बसलेले आमचे हेडकॅशियर हेच म्हणतात. तेव्हा त्यात काय आहे, ते एकदा जमाखर्च मांडून दाखवतो.

पहिली बाब : 'रोज रात्री' म्हणजे कुठे? घरी असताना चार्जिंगचा प्रश्नच नसतो. प्रश्न प्रवासात असतो, आणि प्रवासात रात्र लॉजवर काढावी लागते. लॉजच्या खोलीत चालणारा प्लग एक. तो कपाटामागे, नाहीतर टीव्हीच्या वर, जिथे उंटाने मान लांब केली तरच पोचेल अशा उंचीवर. उमेदवार किती? दोन मोबाईल, दोन हेल्मेटं, एक पॉवर बँक आणि डास पळवायचं ते यंत्र. काही संच हेल्मेटपासून सुटे होतात. ज्यांचे होत नाहीत त्यांना अख्खं हेल्मेट प्लगखाली टांगावं लागतं. शिंक्यात दह्याचं मडकं टांगल्यासारखी दोन डोकी रात्रभर भिंतीवर लोंबत असतात आणि पहाटे उठून दिवा लावणाऱ्या माणसाची पाचावर धारण बसते. त्यातून हॉटेल जरा बरं निघालं, तर दारापाशी ते कार्ड खोचायचं असतं. जेवायला जाताना कार्ड काढलं, की खोलीतली वीज गेली. आपण खाली सोलकढी पीत असतो आणि हेल्मेट वर उपाशी.

दुसरी बाब : वीज. शहरातल्या माणसाला वीज भिंतीत असते असं वाटतं. आमच्याकडे पावसाळ्यात ती पाहुणी असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा दापोली-मंडणगडाकडच्या कित्येक गावांनी किती दिवस अंधारात काढले, ते तिथल्या माणसांना विचारा. वादळ नसलं, तरी जूनच्या पहिल्या सरीला एक फांदी तारेवर पडायला पुरते. रत्नागिरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. या संचाच्या चार्जिंगच्या भोकावर रबराची एक चिमुकली झडप असते. ती बंद असेल तोवर संच पाण्याला दाद देत नाही. पण झडप बंद ठेवली तर चार्जिंग होत नाही आणि उघडली तर पाणी जातं. आमच्या घरात चार महिने उशीसुद्धा ओलसर असते. तिथे 'भोक पूर्ण कोरडं करून मगच वायर लावावी' ही सूचना वाचून मला गहिवरून येतं.

एकेकाळी मुंबईहून येणाऱ्या बोटी आमच्या मांडवी बंदराबाहेर थांबायच्या आणि उतारू पडावात बसून धक्क्याला यायचे. पावसाळा आला, की ती वाहतूक सरळ बंद. बोटवाल्यांना पावसाळा ठाऊक होता. त्यांनी प्रवाशाला असं कधी सांगितलं नाही, की समुद्र खवळतो यात तुमची शिस्त कमी पडते. हेल्मेटवाल्यांच्या पंचांगात मात्र पावसाळाच नाही.

तिसरी बाब : पॉवर बँक. "बरोबर ठेवायची एक, त्यात काय!" मी दुसऱ्या प्रकारच्या बँकेत नोकरीला आहे, म्हणून या बँकेचे हिशेब मी जरा बारकाईने तपासले. अंगावर लिहिलेलं असतं १०,००० मिलिअँपिअर-तास. ते मोजलेलं असतं आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला. बाहेर वीज द्यायची ५ व्होल्टने, म्हणजे तिथेच ७,४०० उरले. त्यातून उष्णतेचं कमिशन वजा जाता हातात पडतात सहा हजारांच्या आसपास. दर्शनी मूल्य दहा, वटणावळ कापून सहा! आमच्या काउंटरवर कोणी असं केलं, तर संध्याकाळपर्यंत चौकशी बसेल. तरीही न्यायाला धरून सांगतो, की संचाची भूक लहान असते, साधारण हजाराच्या आतबाहेर. त्यामुळे एवढी पॉवर बँक त्याला पाच-सहा वेळा जेवू घालते. उपाय खरा आहे. पण मग तो संचाच्या किमतीत धरा आणि खोक्यावर तसं छापा.

चौथी बाब : पिन. माझ्या संचाला जुनी, चपटी मायक्रो पिन. हिच्या संचाला, तो त्याच दिवशी त्याच दुकानातून घेतलेला असूनही, नवी टाइप-सी. पत्रिका जुळवून लग्न केलं आणि पिना जुळल्या नाहीत. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईल-हेडसेटांना एकच टाइप-सी पिन सक्तीची झाली. आपल्याकडे मानक ब्युरोने टाइप-सीचं मानक जाहीर केलं जानेवारी २०२३ मध्ये. पण मानक वेगळं आणि सक्ती वेगळी, हे कोणत्याही कर्जवसुलीच्या माणसाला विचारा. तोवर मी पिशवीत दोन वायरी घेऊन हिंडतो. प्रवास संपेपर्यंत त्यांची आपसांत अशी गाठ बसते, की ती सोडवायला ब्राह्मण बोलवावा.

पाचवी बाब ऐकून उपदेशकांनी जरा खुर्चीत बसावं. 'रोज रात्री लावून झोपायचं' हा सल्ला बॅटरीच्या प्रकृतीलाही फारसा मानवत नाही. आतली बॅटरी लिथियमची. ती बाजारात आली १९९१ साली आणि तिच्या जनकांना रसायनाचं नोबेल मिळालं २०१९ साली. त्यांतले एक गुडइनफ नावाचे गृहस्थ तेव्हा ९७ वर्षांचे होते. नावाप्रमाणेच त्या बॅटरीचा स्वभाव आहे : 'पुरेसं' झालं की बास. तिला तुडुंब भरून तासन् तास ठेवलेलं आवडत नाही, पार रिकामी केलेलंही आवडत नाही आणि उष्णता तर मुळीच सोसत नाही. मे महिन्यात काळं हेल्मेट आरशाला अडकवून उन्हात ठेवणं म्हणजे तिला भट्टीत घालणं. कॉमर्सवाल्याला हे चटकन पटतं : किमान शिल्लक मोडू नये, ओव्हरड्राफ्ट काढू नये आणि सगळी रोकड एकाच तिजोरीत कोंबून ठेवू नये. काढून ठेवायचा असेल, तर संच निम्मा भरून थंड जागी ठेवावा आणि अधूनमधून त्याची विचारपूस करावी.

एवढं सगळं जिवापाड केलं, तरी सहावी बाब उरते, आणि माझं खरं भांडण तिच्याशी आहे. बॅटरी ही म्हातारी होणारच. काही वर्षांनी तेरा तासांचे सात होतात, सातांचे तीन. तेव्हा स्पीकर ठणठणीत असतात, माइक धडधाकट असतो, ती इंग्रजी बाई तर चिरतरुण असते. फक्त बॅटरी थकलेली. पण ती बंद डबीत चिकटवलेली. दुरुस्तीवाला म्हणतो, "साहेब, हे उघडत नाही. नवीन घ्या." एका टायरसाठी अख्खी मोटारसायकल बुडीत खात्यात टाकायची! घसारा मीही शिकलोय. पण ज्यात एका सुट्या भागाच्या नावाने सगळी मालमत्ता शून्यावर आणतात, असा घसारा आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

थोडक्यात, हिशेब असा आहे : वस्तू सुरक्षिततेच्या नावाने विकायची, तिला जिवंत ठेवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकायची, त्याची साधनं मात्र आपल्या हातात ठेवायची आणि वर त्यालाच आळशी म्हणायचं. हेल्मेटच्या कवचाला हा न्याय लागत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने डोक्यावर हेल्मेट चढवलं, १ जून २०२१ पासून ते आयएसआय मार्काचंच असलं पाहिजे असं ठरलं. कवच फुटलं तर 'तुम्ही रोज रात्री नीट जपलं नाहीत' असं कोणी म्हणत नाही. मग बॅटरीलाच वेगळा न्याय का?

मागण्या तीनच आहेत. एक, पिन सगळ्यांची एक. दोन, तास खरे लिहा. एकाच वेळी अनेकांशी जोडणाऱ्या मेश पद्धतीत संच लवकर उपाशी होतो. तेव्हा मोठा आकडा खोक्यावर आणि लहान आकडा मुंगीच्या अक्षरात, हे बंद करा. तीन, बॅटरी बदलता आली पाहिजे. हे अशक्य नाही. युरोपच्या बॅटरी नियमाने १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी असं घातलं आहे. भिजणाऱ्या वस्तूंना काही सूट आहे, पण तिथेही निदान बाहेरच्या कारागिराला ती काढता आली पाहिजे. आपल्या ग्राहक खात्यानेही दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली होती. समितीच्या टिपणात हेल्मेटाची एक ओळ वाढवायला कितीशी शाई लागते?

तोवर मी माझी व्यवस्था लावली आहे. चहाला थांबलो, की पाकिटाआधी संच बाहेर निघतो. काही नव्या संचांना वीस मिनिटांत दोन-तीन तासांचं बोलणं मिळतं, आणि कोकणातला चहा वीस मिनिटांच्या आत कधी संपत नाही. घाटातला टपरीवाला स्वतःचा मोबाईल काढून आम्हांला प्लग देतो आणि वर "असू दे हो, माझा काय, इथंच आहे" म्हणतो. गाडी चालू असताना गळ्याभोवती वायर लोंबत ठेवत नाही; पडलो, तर ती आधी गळा धरेल. घाट सुरू होण्यापूर्वी गाणी बंद, शिल्लक फक्त सूचनांसाठी राखीव. आणि बाईने 'लो' म्हटलं, की आम्ही जुन्या पद्धतीवर येतो : हिची खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांबा, आणि चिमटा म्हणजे "अहो, किती वेळ सांगतेय!" या यंत्रणेला पिन लागत नाही, हे मान्य. पण वळणापलीकडचा ट्रक तिला दिसत नाही, हेही तितकंच खरं.

तेव्हा यापुढे कोणी 'त्यात काय' म्हणालंच, तर त्यात काय आहे ते सांगून ठेवतो. त्यात एक बॅटरी आहे, आणि ती बदलता येत नाही.