जुगार कोणता?

आमच्या भोपाळच्या अयोध्या नगरातील काही वडीलधाऱ्या मंडळींनी ‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकीय खेळास जुगार ठरविले आहे. हा आरोप आम्हांस मान्य नाही. पैसा पणास लावून दैवावर हवाला ठेवणे हा जुगार. ज्या स्पर्धेत कौशल्याचे प्राबल्य असते ती जुगार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात 1957 सालीच सांगितले. 2025 च्या कायद्यानेही बंदी घातली ती पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर. येथे पण कसला? मुलगा खेळाडू पारखतो, वेतनाचा मेळ घालतो, व्यूह रचतो आणि हरला तर कारण शोधतो. जमाखर्चाची एवढी शिस्त आमच्या किती देवस्थान-समित्यांत आढळते?

दोष आहे तो निराळाच. या खेळात भारतीय लीगही निवडता येते. मुले मात्र मँचेस्टर निवडतात. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा धेंपो संघ त्यांस ठाऊक नसेल, तर तो अपराध खेळाचा नव्हे. सांगणारे आम्हीच मुके राहिलो. तेव्हा खेळ बंद करू नका. मुलाशेजारी बसा आणि आपला संघ कोणता, ते त्यास सांगा.