पाच सेकंदांचा अंदाज

मागच्या शनिवारी गावी, पिशोरला गेलो होतो. तिथे चुलतभावाचं मका खरेदीचं दुकान आहे. मीच कधीतरी त्याला एक व्हीबीस्क्रिप्ट लिहून दिली होती: आधी काट्याच्या प्रोग्रॅममधून वजनांची फाईल काढायची, मग ती एक्सेलमध्ये उघडायची. मधे पाच सेकंदांचा 'स्लीप'. (हसू नका, तुम्हीही लिहिलाय.)

सीझनमध्ये फाईल मोठी झाली, पाच सेकंद पुरेनात, आणि एक्सेलने कालचीच फाईल उघडली. दोन्ही दिवस माल आणलेल्या एका शेतकऱ्याला कालच्याच वजनाची पट्टी मिळाली, दोन क्विंटल कमी. तो परत आला म्हणून कळलं तरी!

माझं मत विचाराल तर दुसरा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये 'स्लीप' दिसला की तो बग समजावा. 'रन'ला तिसरा पॅरामीटर 'ट्रू' दिला असता, तर स्क्रिप्ट तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत थांबली असती. न दिल्यास ती लगेच शून्य घेऊन पुढे पळते, आणि आपल्याला वाटतं सगळं आलबेल. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्टला निरोप द्यायचं जाहीर केलंच आहे, म्हणून रविवारी सगळं पायथनमध्ये लिहिलं. 'सबप्रोसेस.रन' थांबतो, आणि 'चेक=ट्रू' दिलं की समोरच्या प्रोग्रॅमने एरर कोड दिल्यावर तिथेच अडतो.

भाऊ म्हणाला, "आता जरा हळू चालतंय रे."